गोल्डनला लागणारा अंधार

तुमच्या घरी कधीतरी आलेला फुलांचा गुच्छ आठवून पाहा. गुलाब आठवतील, जरबेरा आठवेल, वरचा चकचकीत कागदसुद्धा आठवेल. त्या सगळ्यांच्या मधून बारीक पिवळ्या फुलांचे तुरे खोचलेले होते, ते मात्र आठवणार नाहीत. ते माझे. निम्मं आयुष्य मी ते पिकवण्यात घालवलं, आणि ‘परवाच्या गुच्छातला तुमचा तुरा काय सुंदर होता हो’ असं मला आजवर एकाही माणसानं सांगितलेलं नाही.

झाडाचं नाव गोल्डन रॉड. म्हैसूरच्या फूलबाजारात नुसतं ‘गोल्डन’. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातलं, पण त्यांचा मान याला नाही. हे देवाला वाहत नाहीत, याचा हार करत नाहीत, कुणी केसांत माळत नाही. दोन मोठ्या फुलांमधली रिकामी जागा भरायची एवढंच याचं काम. फुलवाले याला फिलर म्हणतात, आम्ही घरी ‘भराव’ म्हणतो.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात लुगडी रंगवली, चादरी छापल्या. सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो धंदा बसला आणि हिनकलच्या पुढे, हुणसूर रस्त्याला असलेला जमिनीचा तुकडा तेवढा हाती राहिला. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे नाचणी होती. मी गोल्डन लावला. नणंदा म्हणाल्या, हिला रंग सुटवेना, पिवळा तेवढा धरून ठेवलाय.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नमुनेदार. एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं शेतात शिरलं. ‘आंटी, हे मोहरीचं शेत ना?’ मी म्हटलं, ‘समजा.’ ते खूश, मी मोकळी. एका गृहस्थांनी हळद समजून एक रोप चक्क उपटलं, आणि मुळाशी पिवळं काहीच निघेना म्हणून मलाच लबाड ठरवून निघून गेले.

या झाडाचं बी पेरत नाहीत. जुन्या बुंध्याशी फुटवे येतात, ते वेगळे करून लावायचे. एकदा लागलं की वर्षानुवर्षं राहतं. तुरे काढले की जमिनीलगत छाटायचं, पुन्हा फुटतं. वाऱ्यानं लोळू नये म्हणून काठ्या ठोकून आडवी जाळी ताणायची. तुरा पुरता उमलायच्या आत, नुसता पिवळेपणा दिसू लागला की सकाळी कापायचा आणि लगेच पाण्याच्या बादलीत उभा करायचा. इथवर सगळं सरळ आहे. खरी गोम उजेडात आहे. दिवस लांब वाटला की हे झाड उंच होत राहतं, फुलायचं नाव घेत नाही. रात्र लांब वाटली की उंची सोडून कळ्या धरतं. म्हणून आम्ही वाफ्यांवर दिवे टांगतो. छाटणीनंतर रात्री दिवे लावून त्याला फसवायचं, की बाबा रे, अजून दिवसच आहे, वाढ. छातीला लागलं की दिवे बंद करायचे. मग त्याला हवा तेवढा अंधार मिळतो आणि ते फुलतं. दिवे कधी बंद करायचे यातच आमची सगळी विद्या, आणि ती मला चांगली येते असा माझा समज होता.

रफीकभाई माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. देवराज मार्केटजवळ त्यांचं फुलांचं दुकान आहे. त्या वर्षी त्यांच्या नाझियाचं लग्न ठरलं. मिठाईचा डबा घेऊन ते स्वतः घरी आले. आमचं बोलणं कन्नडात चालतं, इथे मराठीत लिहिते.

“अक्का, जन्मभर तुमचा गोल्डन मी दुसऱ्यांच्या गुलाबांमागे लपवला,” ते म्हणाले. “नाझिया म्हणते, माझं स्टेज नुसत्या गोल्डनचं करायचं. गुलाब नको, जरबेरा नको, काही नको. वरपासून खालपर्यंत पिवळं.”

“नुसत्या भरावाचं स्टेज? लोक हसतील की.”

“हसू देत. दुकानात लहानाची मोठी झाली ती. तिच्या खेळण्यात तुमचेच तुटके तुरे असायचे. देणार ना?”

देणार म्हणजे काय! मी दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन वाफ्यांकडे बघत एकटीच हसत उभी राहिले. मागचे वाफे दसऱ्याला जाणार होते. पुढचे सगळे मी नाझियासाठी राखले.

आता त्या वर्षाची दुसरी गोष्ट सांगायला हवी. त्या पावसाळ्यानंतर आमच्या भागात चिरते फिरू लागला. चिरते म्हणजे बिबट्या; आम्ही घरी मराठी बोलतानाही चिरतेच म्हणतो. ज्याच्या त्याच्या फोनवर कुठल्या तरी कुंपणावरून उडी मारणाऱ्या चिरतेचा व्हिडिओ. मी त्यातले निम्मे खोटे मानायची. मग एका सकाळी शेजारच्या बसवराजूच्या गोठ्यापाशी त्याच्या कुत्र्याची नुसती साखळी आणि पट्टा राहिला, तेव्हा माझं मानणं थांबलं.

बसवराजूच्या आणि माझ्या शेताच्या बांधाला लागून एक झोपडं आहे. तिथे पुट्टम्मा आणि तिचा नवरा निंगय्या राहतात. गोल्डन लावला तेव्हापासून पुट्टम्मा माझ्याकडे आहे. निंगय्याला ऐकू येत नाही, अगदी कानाशी ओरडलं तरी अंदाजानंच उत्तर देतो. त्यांचा संडास अंगण ओलांडून पलीकडे, आणि त्याच्या मागे बसवराजूचा ऊस. पुट्टम्मानं बसवराजूपाशी रडगाणं गायलं, आणि त्या भल्या माणसानं उंच खांब उभारून त्यावर मोठा पांढरा दिवा बसवला. अंधार पडला की तो लागायचा तो उजाडेपर्यंत. अंगण, संडासाची वाट, उसाची कड, सगळं लख्ख. मीच म्हटलं होतं, बरं झालं.

दसरा पार पडला, बांधापासून लांबचे ते मागचे वाफे कापून झाले. पुढच्या वाफ्यांवरचे दिवे मी वेळेवर बंद केले होते. आता शेंड्याला कळ्या दिसायला हव्या होत्या. दिसेनात. झाडं मात्र माजल्यासारखी वर चाललेली, हिरवीगार. खत थांबवलं, पाणी तोडलं, रोज शेंडे चुरून बघितले. लग्न जवळ येत होतं आणि माझी भूक गेली होती.

“पाणी जास्ती झालंय असेल की,” आमचे हे म्हणाले. यांची नोकरी सगळी नंजनगूडच्या कारखान्यात गेली, पण शेतीबद्दल मत तयार असतं. “सुम्ने उगाच कशाला डोक्याला त्रास करून घेते गं? यायचं तेव्हा येतंय ते.”

“यायचं तेव्हा येऊन काय करू? नाझियाच्या लेकराच्या बारशाला देऊ?”

“अय्यो, मी काय म्हटलो आता?”

त्या दिवशी तिरीमिरीत शेतावर गेले ती पंपघराच्या मागच्या बाजूनं शिरले. आणि तिथे कळ्या! पंपघराच्या मागे झाडांचा एक पट्टा, भिंतीपाशी भिंतीएवढा आणि मागे मागे रुंद होत गेलेला. पट्ट्यातल्या प्रत्येक शेंड्याला कळ्या, आणि पट्ट्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं की एकही नाही. कुणी दोरी धरून आखल्यासारखी कड. मी पंपघराला पाठ लावून तो पट्टा पाहिला, मग वळून पंपघराच्या पलीकडे पाहिलं. सरळ रेषेत बसवराजूचा खांब उभा होता. तो पट्टा म्हणजे पंपघराची रात्रीची सावली होती. बाकी सगळं शेत रात्रभर दिवस समजून जागं होतं.

मी तशीच बसवराजूकडे गेले. पुट्टम्माही आली.

“दिवा बंद कर,” मी म्हटलं. “थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. आजपासून अंधार मिळाला तर लग्नाला अगदी टेकून फुलेल.”

बसवराजूनं पुट्टम्माकडे बघितलं. ती म्हणाली, “बेडा.” नको. माझ्याशी इतक्या वर्षांत ती हा शब्द असा तोंडावर बोलली नव्हती. “फूल पुढच्या खेपेला येईल, अम्मा. हा माणूस रात्री बाहेर जातो, मागून काय आलं ते याला कळत नाही. दिवा असला तर निदान दिसतं तरी.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दिव्याला पत्र्याची झापड लावून पाहू म्हटलं, तर ज्या बाजूला झापड लावायची त्याच बाजूनं चिरते येण्याची भीती. बांधावर पडदा लावावा, तर खांब इतका उंच की उजेड वरून येणार. शेवटी एकच राहिलं. दिवा त्यांना राहू दे, अंधार मी विकत आणते.

काळं जाड कापड. प्लास्टिक चालत नाही, आत पाणी धरतं आणि झाडं सडतात. घरात एवढ्या पिढ्या रंगारी, आणि काळं कापड शोधायला आमच्या ह्यांना गावभर दुकानं पालथी घालावी लागली. जाळीच्या काठ्यांना उंच बांबू जोडले, त्यावरून कापड टाकलं, कडा जमिनीपर्यंत सोडल्या. दिवा लागायच्या आत झाकायचं, सकाळी काढायचं. वाफे आणि मधल्या वाटा, सगळं त्या काळ्या छताखाली.

आता झाकायची वेळ म्हणजे बरोबर तिन्हीसांजेची, आणि चिरतेचीही बाहेर पडायची वेळ तीच. मजुरांनी साफ नकार दिला. मग आम्हीच. मी आणि पुट्टम्मा दोन कडा धरून ओढत जायचो, हे हातात टॉर्च घेऊन, बसवराजू काठी आपटत उसाकडे तोंड करून. मधेच ऊस सळसळला की आम्ही कड घट्ट धरून थांबायचो. हे टॉर्च उसावर मारायचे आणि म्हणायचे, “काय नाही, काय नाही,” आणि त्यांचाच आवाज कापायचा. रोज वाटायचं, आज झालं, उद्या नको. उद्या पुन्हा.

आणि कळ्या आल्या. एका सकाळी कापड सरकवलं तर शेंड्यांना तांदळाच्या कण्यांएवढ्या कळ्या, सगळीकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुट्टम्मानं कडकडून बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मी रफीकभाईंना फोन केला, म्हटलं, नाझियाला सांगा, स्टेज पिवळं होणार. आता फक्त कळ्या पुरत्या भरेपर्यंत अंधार टिकवायचा होता. मधेच उजेड लागला तर कळी तिथेच थबकते आणि शेंडा पुन्हा पाल्याला लागतो.

मग बसवराजूची एक शेळी गेली. दावं तुटलेलं, शेळी नाही. उसात शोधली, ओढ्यापर्यंत शोधली. चिरतेनं लांब नेली असेल म्हणून सगळ्यांनी शोध सोडला.

दोन-तीन दिवसांनी असेल, नुकतं उजाडलं होतं. दिवा विझलेला. मी आणि पुट्टम्मानं कापड सोडायला घेतलं. मी कड उचलली आणि आतून वास आला. मेलेल्या जनावराचा, आणि त्यात आणखी एक उग्र वास. वाकून पाहिलं. दोन वाफ्यांमधल्या वाटेवर कडेची झाडं मुळापर्यंत चेपलेली, कुणीतरी गादी घातल्यासारखी. शेळीचे केस. एक खूर. आधी कुठेतरी लपवलेली शेळी रात्री इथे ओढत आणलेली.

तेवढ्यात कापड हललं. वारा नव्हता. आमच्यापासून थोड्या अंतरावर कापड वर उचललं गेलं, फुगलं, आणि तो फुगवटा कापडाखालून पळत सुटला, आमच्यापासून दूर, पलीकडच्या टोकाकडे. जनावर दिसलं नाही. नुसता फुगवटा धावताना दिसला.

पलीकडच्या टोकाला निंगय्या बसला होता. आमच्याकडे पाठ करून, तांब्या शेजारी ठेवून दात घासत.

पुट्टम्मा ओरडली. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नाही आणि पुन्हा ऐकायचं नाही. मी ओरडले. त्याला काय ऐकू येणार? कापडाची कड उडाली, काहीतरी पिवळं निंगय्याच्या अगदी खांद्याजवळून गेलं आणि उसात शिरलं. ऊस हलला, मग थांबला. निंगय्याला वारा लागला असावा. त्यानं उसाकडे पाहिलं, मग आमच्याकडे वळून, तोंडात दातवण तसंच धरून, हातानं विचारलं, काय?

पुट्टम्मा धावत निंगय्याकडे गेली. माझं डोकं मात्र त्याही वेळी हिशेब करत होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. जनावर तर गेलं. आता परत येतंय कशाला? कडा दगडांनी दाबून घेतल्या तर? कळ्या धरल्या आहेत, थोडेच दिवस उरलेत. फुलासाठी अंधार केला होता, तो आणखी कुणाला आवडेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि चिरतेसाठी घर मी बांधून दिलं होतं, ते या दोघांच्या दारात.

पुट्टम्मा काही बोलली असती तर मी कदाचित वाद घातला असता. ती नवऱ्याचा खांदा चाचपून बघत होती, पुन्हा पुन्हा, जसं काही तिथे अजून काहीतरी सापडेल. मी वळले आणि कापड ओढायला लागले. बांबूंसकट ओढलं. बसवराजू धावत आला आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. त्या संध्याकाळी दिवा लागला आणि माझे सगळे वाफे पुन्हा लख्ख झाले.

रफीकभाईंना फोन करणं जिवावर आलं. मी सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, “निंगय्या बरा आहे ना?” बरा आहे म्हटलं. “मग झालं, अक्का,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला ते चिडले असते तर सोपं गेलं असतं.

कळ्या थबकल्या, मी म्हटलं होतं तशाच. शेंड्यांना पाला सुटला. पंपघराच्या सावलीतला पट्टा तेवढा फुलला. तो मी स्वतः कापला आणि लग्नाच्या सकाळी हॉलवर घेऊन गेले. स्टेजवर पांढऱ्या शेवंत्या आणि गुलाब होते. रफीकभाईंनी माझे तुरे घेतले आणि सवयीच्या हातानं गुलाबांच्या मधे मधे खोचले. छान दिसलं. सगळ्यांच्या फोटोत गुलाब आहेत. मी जेवून आले आणि घरी येऊन रडले.

पुढे वनखात्याचा पिंजरा लागला आणि चिरते सापडला. कुठे नेऊन सोडला ते कुणी सांगितलं नाही. मी पुट्टम्माच्या झोपडीला लागूनच संडास बांधून घेतला; ते काम कधीच व्हायला हवं होतं. तरी दिवा चालूच होता, आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एका संध्याकाळी पुट्टम्मा स्वतःच बसवराजूला म्हणाली, आता पुरे, झोप लागत नाही उजेडात.

पुढचे वाफे मी छाटले नव्हते. हातच होईना. इतके दिवस उजेडात वाढून ते माझ्या डोक्याच्याही वर गेले होते. अंधार मिळाला तसे ते फुलले, एकदम, सगळेच. तोवर धनुर्मास लागलेला, गावात लग्नं नाहीत, एवढ्या गोल्डनला गिऱ्हाईक कोण? मी रफीकभाईंना सहज कळवलं. नाझिया माहेरी आलेली होती. ती, जावई आणि रफीकभाई, तिघं दुपार कलल्यावर शेतावर आले.

नाझिया सरळ वाटेवरून आत शिरली आणि दिसेनाशी झाली. जावई तिला हाका मारत मागे गेला, तोही दिसेना. पिवळ्या तुऱ्यांच्या वर नुसता त्याचा हात, फोन धरलेला. रफीकभाई माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांनी एक तुरा वाकवून बघितला, सोडून दिला. मग तेही आत गेले, मला या म्हणाले. आम्ही दोघं वाफ्यांच्या मधल्या वाटेवर अंग चोरून उभे, दोन्ही खांद्यांना फुलं लागत होती.

“अक्का,” ते म्हणाले, “इथे आपणच भराव.”

मला हसू आलं आणि आवरेना. आतून नाझियाही हसत होती, कुठे होती कोण जाणे. ऊन गेलं, पिवळा रंग हळूहळू मावळायला लागला. बांधावरून पुट्टम्माची हाक आली, “कत्तलाय्तु, बन्नी!” अंधार पडला, या आता. आम्ही बाहेर आलो. खांबावरचा दिवा कुणी लावला नाही.